वाचक विचारतात: चॉसरची नन आजच्या इंग्रजीत कशी लिहायची?

प्रश्न: नमस्कार सर, मी एम.ए. इंग्लिश करतेय. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या जनरल प्रोलॉगमधला (सुरुवातीच्या भागातला) प्रायोरेसचा, म्हणजे मठाच्या प्रमुख ननचा, उतारा मॉडर्न इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचाय. मी लिहिलं की ही एक लाजाळू पण ढोंगी नन आहे, जिला दरबारी वागण्याचा त्रास व्हायचा आणि जिचा विवेक फक्त उंदरांपुरता होता. मॅडमनी अर्धं लाल केलंय, अर्थ तर बरोबर आहे ना? (सांगली)

उत्तर: अर्थाच्या जवळ आहात, पण दोन गोष्टी एकात मिसळल्यात. चॉसरने काय लिहिलंय आणि त्यावरून तुम्हाला काय वाटलं, या त्या दोन गोष्टी. 'ढोंगी' हा शब्द त्या 45 ओळींत कुठेच नाहीये हो, तो तुमचा आहे, आणि पॅराफ्रेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या शब्दांत मांडताना, तो आला की कवितेतली सगळी गंमत एका शब्दात संपते.

आधी शब्दच बघूया, कारण चौदाव्या शतकातलं इंग्रजी ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसवतं. 'कॉय' म्हणजे तेव्हा शांत, संयमी, आजच्यासारखं लाडिक लाजणं नाही. 'पेन्ड हर' म्हणजे तिला त्रास झाला असं नाही, तिने कष्ट घेतले, मनापासून प्रयत्न केला, कशाचा तर दरबारी रीतीभाती उचलण्याचा. तिथलं 'काउंटरफिट' म्हणजे अनुकरण करणं, नकली नोटा छापण्यातलं काउंटरफिट डोक्यात ठेवून वाचलं की लगेच ढोंग दिसायला लागतं. 'हार्डिली'ला बरेच जण 'हार्डली' समजतात आणि वाक्य पार उलटं होतं, तो शब्द 'नक्कीच' या अर्थाचा आहे. म्हणजे ती नक्कीच लहानखुरी नव्हती!

'कॉन्शन्स' सगळ्यात अवघड. तेव्हा त्याचा अर्थ सदसद्विवेकही होता आणि हळवेपणाही. चॉसर म्हणतो, आता तिच्या कॉन्शन्सबद्दल सांगतो, आपण नीतीबद्दल काहीतरी मोठं ऐकायला सरसावून बसतो, आणि येतं काय, तर सापळ्यात अडकलेला उंदीर मेलेला किंवा रक्ताळलेला दिसला तरी ती रडायची, आणि छोट्या कुत्र्यांना भाजलेलं मांस नाहीतर दूध आणि उत्तम पांढरा पाव भरवायची. बस. माणसांबद्दल एक अक्षर नाही. आता ही गॅप वाचकाने भरायची असते, तुम्ही 'फक्त उंदरांपुरता' लिहून ती आधीच भरून टाकलीत. मी तिथे 'कोमल मन' अशा अर्थाचा शब्द घेईन आणि पुढचा तपशील जसाच्या तसा ठेवीन.

आपल्याकडे पसायदान घ्या ना. 'जे खळांची व्यंकटी सांडो', म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा जावो. कोणी सोपं करायचं म्हणून 'दुष्टांचा नाश होवो' असं लिहिलं तर वाक्य सोपं होईल पण ज्ञानेश्वरांनी मागितलेलं मागणंच बदलेल. इथेही तसंच आहे, चॉसर तिची स्तुतीच करतोय, प्रत्येक ओळीत, आणि स्तुती कशाची करतोय ते बघत गेलं की आपल्याला प्रश्न पडायला लागतात. घास तोंडातून खाली पडू देत नाही, बोटं सॉसमध्ये खोलवर बुडवत नाही, वरचा ओठ इतका स्वच्छ पुसते की पेल्यात तेलकट ठिपकाही दिसत नाही. हे टेबल मॅनर्स 'रोमान द ला रोज' या फ्रेंच काव्यातून आलेत, आणि तिथे ते एक म्हातारी पुरुषांना भुलवण्याचे धडे म्हणून शिकवते! हे कळल्यावर हसू येतं, पण ते पॅराफ्रेजमध्ये घालू नका, खाली टीप म्हणून वेगळं लिहा.

कपाळाचंही तसंच. ते जवळजवळ वीतभर रुंद होतं 'असं मला वाटतं', म्हणतो तो. ननचं कपाळ वस्त्राने झाकलेलं असायला हवं, मग ह्याला दिसलं कसं? तो 'असं मला वाटतं' बऱ्याच मुलांच्या पॅराफ्रेजमध्ये गळतो कारण फालतू भरतीचा वाटतो. गाळू नका, बोलणारा माणूस तिथेच दिसतो. फ्रेंचचंही सांभाळून लिहा, ती फ्रेंच छान बोलायची पण लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्ड-अॅट-बोच्या वळणाची, पॅरिसची फ्रेंच तिला माहीत नव्हती, एवढंच. 'मोडकंतोडकं फ्रेंच' लिहिलं की परत निकाल दिलात.

यमकाच्या मागे लागू नका, गद्यच लिहा. मूळ मात्र मोठ्याने वाचा. 'माऊस'चा उच्चार तेव्हा 'मूस' होता आणि तो 'पिटूस'शी, म्हणजे दयाळूशी, जुळतो. दया आणि उंदीर एकाच यमकात, किती सुंदर आहे हे!

शेवटचा सोन्याचा ब्रोच. त्यावर मुकुटवालं 'ए' हे अक्षर आणि पुढे लॅटिनमध्ये 'आमोर विंकित ओम्निया', प्रेम सगळ्यांना जिंकतं. शब्द रोमन कवी व्हर्जिलचे, पण कोणतं प्रेम, देवाचं की दुसरं, ते चॉसर सांगत नाही. तुम्ही 'ईश्वराचं प्रेम' लिहिलंत तर एक दार बंद, 'प्रियकराचं' लिहिलंत तर दुसरं. लॅटिन तसंच ठेवा आणि पुढे फक्त 'प्रेम' लिहा.