सोडून देता येईल असं सॉफ्टवेअर

नमस्कार,

पत्र मिळालं. मुलगी सोळा वर्षांची आहे, गाते, स्वतः चाली बांधते आणि पुढे ‘साउंड’मध्येच काम करायचं म्हणते. तुम्ही तिला विंडोजचा लॅपटॉप आणि यूएसबी माइक दिलात, वाढदिवसाला चांगले ब्लूटूथ हेडफोनही दिलेत. आता विचारताय, ‘इंडस्ट्रीत चालतं ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सांगा, एकदाच घेऊन टाकतो, परत खर्च नको.’ आणि पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात तिच्या दोन ओळी आहेत: ‘बाबांना सांगा, आत्ताचं सॉफ्टवेअर बेकार आहे. मी गाते आणि माझाच आवाज मला मागाहून ऐकू येतो.’

तिच्याकडे शेवटी येते. आधी तुमचं ‘एकदाच’.

इंडस्ट्री ही एक नाही, हीच अडचण आहे. सिनेमाच्या साउंडमध्ये आणि मोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्स चालतं, 1991 पासून तिथे त्याने मुळं धरली आहेत. पार्श्वसंगीत रचणारे बरेच जण क्यूबेसवर किंवा लॉजिकवर असतात. लॉजिक फक्त ॲपलच्या मॅक आणि आयपॅडवर चालतं, त्यामुळे तुमच्या यादीतून ते आत्ताच खोडा. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि स्टेजवर लूप वाजवणारे एबलटन लाइव्हवर, बीट बनवणारी पोरं एफएल स्टुडिओवर. गेमच्या आवाजाचं काम करणाऱ्यांत रीपर लाडकं आहे, पण त्यांना गेममध्ये आवाज बसवायची एफमॉड किंवा वाइज ही आणखी वेगळी हत्यारंही शिकावी लागतात. मग तुमची लेक यातल्या कुठल्या दारातून आत जाणार? तिला माहीत नाही, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. सोळाव्या वर्षी ते माहीत नसणं अगदी रास्त आहे. म्हणून एकदाच घ्यायचं महागडं नको. उद्या सोडावं लागलं तर जीव हळहळणार नाही असं घ्या.

माझं मत रीपरला. साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, इन्स्टॉलर अगदी छोटा आहे, साध्या लॅपटॉपवरही धापा टाकत नाही आणि घरगुती वापराचा परवाना मोठ्या नावांच्या मानाने बराच स्वस्त आहे. दिसायला रुक्ष आहे, हे आधीच सांगते. सोबत तयार वाद्यांचा खजिनाही येत नाही. तिचा ओढा गाण्याऐवजी बीटकडे असेल तर एफएल स्टुडिओ बघा, पण त्याच्या चाचणी आवृत्तीत केलेलं काम सेव्ह होतं आणि विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, हे तिच्या कानावर घालून ठेवा, नाहीतर एखाद्या रात्री रडारड होईल. प्रो टूल्सची चव घ्यायचीच असेल तर त्याची इंट्रो नावाची मोफत आवृत्ती आहे. त्यात आवाजाचे आठच ट्रॅक मिळतात. एक गायिका, एक तानपुरा आणि दोन-चार वाद्यं एवढ्याला आठ पुरतात. ऑडासिटी मोफत आहे आणि बोललेला आवाज कापायला-साफ करायला उत्तम आहे, पण बहुपदरी गाणं बांधायला मी ते सुचवणार नाही.

क्रॅक केलेलं मात्र घरात नको. नीतीचं बाजूला ठेवा, ज्या लॅपटॉपवर तिचं सगळं काम आहे त्यावर कुठून आलं ते ठाऊक नसलेलं काहीतरी बसवायचं, हे मला पटत नाही.

आता नोकरीचं, कारण पत्रात तुम्ही लिहिलं नसलंत तरी तुमचा खरा घोर तोच आहे. नवख्या मुलांना सुरुवातीला बहुधा किरकोळ वाटणारं काम मिळतं: संवाद साफ करणं, पॉडकास्ट कापणं, ऑडिओबुकमधले श्वास आणि चुका काढणं, दुसऱ्याच्या फायली लावून ठेवणं. त्या कामात सॉफ्टवेअर कुठलं येतं यापेक्षा सवयी कशा आहेत ते आधी दिसतं. माझ्याकडे मुलं आपापली सेशन, म्हणजे गाण्याच्या प्रोजेक्ट फायली, घेऊन येतात. उघडलं की ‘ऑडिओ 17-03’, ‘ऑडिओ 17-04’, ‘फायनल नवीन 2’. यातला तबला कुठला आणि खोकला कुठला, हे ज्याने रेकॉर्ड केलं त्यालाही सांगता येत नाही. याउलट प्रत्येक ट्रॅकला नाव, प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी, कोरडा आवाज वेगळा आणि इफेक्टवाला वेगळा, अशा वेव्ह फायली कोणी दिल्या तर त्या जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की जागच्या जागी बसतात. रीपर सोडून प्रो टूल्सवर जाताना तिच्यासोबत हेच जाईल. मेनू कुठे काय आहेत ते पंधरा दिवसांत हाताला कळतं.

सेटिंगचं बोलायचं तर 24 बिट, 48 किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, प्रत्येक 24 बिटांत मोजलेला) ठेवायला सांगा. 24 बिटमुळे आवाज जपून, थोडा खाली ठेवून घेता येतो आणि आवाज फाटल्याच्या लाल दिव्याला भिडायची गरज उरत नाही. 48 मात्र मी पोळल्यामुळे सांगते. एका छोट्या फिल्मसाठी मी गाणं सीडीच्या सवयीने 44.1 वर घेतलं. व्हिडिओचं सगळं 48 वर होतं आणि पुढे कुणीतरी फाइल न बदलता तशीच 48 समजून वाजवली. तीन मिनिटांचं गाणं पंधरा सेकंद आधी संपलं. काळी एकमध्ये गायलेली बाई पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसली, कुठल्याही पेटीवर नसलेल्या पट्टीत! दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. फाइलच्या नावात 44.1 लिहायचा आळस मी केला होता.

आता बाळ, तुझ्याशी.

माइकमध्ये गेलेला आवाज कॉम्प्युटर थोडा थोडा गोळा करून मग पुढे ढकलतो. त्या गोळा करण्याला बफर म्हणतात. 48 किलोहर्ट्झला बफर 1024 नमुन्यांचा असेल तर जाताना सुमारे 21 मिलिसेकंद आणि येताना पुन्हा तेवढेच, म्हणजे चाळीसच्या वर. तेवढ्यात गाणारा अडखळतो. 128 केलास तर एका बाजूचे तीनही लागत नाहीत. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज कानी यायला लागतो तितका वेळ, म्हणून तेवढा खपतो. तेव्हा गाताना बफर कमी ठेव आणि मिक्स करताना वाढव, नाहीतर लॅपटॉप कटकट आवाज करायला लागेल. शिवाय तुझ्या माइकच्या अंगावरच हेडफोन लावायची जागा आहे का ते बघ. बऱ्याच यूएसबी माइकना ती असते. तिथून ऐकलंस तर तुझा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट तुझ्या कानात येतो. मग सॉफ्टवेअरमधून येणारा तुझा आवाज तेवढा बंद ठेव, नाहीतर दोन-दोन ऐकू येतील.

पण हे सगळं करूनही उशीर जाणार नाही असा माझा कयास आहे, कारण बाबांनी पत्रात एक गोष्ट मोठ्या कौतुकाने लिहिली आहे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि कुठलंही सॉफ्टवेअर, फुकट असो वा महाग, ते कमी करू शकत नाही. ते हेडफोन गाणी ऐकायला ठेव. घरात कुणाचे तरी जुने, वायरचे पडलेले असतील. ते माइकला लाव, आत्ताच्याच ‘बेकार’ सॉफ्टवेअरमध्ये एक ध्रुपद गा आणि फाइल मला पाठव. नाव नीट देऊन.