एच-४ वर आहात म्हणजे तुम्ही ‘इंटरनॅशनल स्टुडंट’ नाही

एच-४ वर (म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या ताईंची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. त्यांचे अ‍ॅडल्ट स्कूलमधले (प्रौढांसाठीच्या सरकारी शाळेतले) इंग्रजीचे वर्ग शेवटच्या पातळीपर्यंत झालेत, पुण्याचं बी.कॉम. आहे, आता कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) अकाउंटिंग घ्यायचंय. प्रवेशाच्या काउंटरवर मात्र सांगितलं की तुम्ही व्हिसावर आहात, आधी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करून या. त्या पोस्टखाली कुणीतरी जीईडी (हायस्कूल डिप्लोमाच्या तोडीची परीक्षा) द्यायचा सल्लाही दिलाय. अर्ज कुठे, कसा भरायचा हे बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते सोडते. मी कॅलिफोर्नियापुरतंच बोलतेय, आणि मी वकील नाही.

काउंटरवरचं उत्तर सरळसरळ चूक आहे. एच-४ वर पूर्णवेळ, अर्धवेळ कसंही शिकता येतं, स्टेटस बदलावं लागत नाही. शिवाय एच-४ वाल्यांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून कमी फी भरता येते. एफ-१ केलंत तर ती वाट बंद होते. वर १९९६ च्या कायद्यानुसार एफ-१ वर सरकारी पैशावर चालणाऱ्या अ‍ॅडल्ट स्कूलला जाता येत नाही, म्हणजे आत्ता जिथे शिकलात तेही दार बंद. नाव घेत नाही, पण एका कॉलेजच्या कार्यालयाने मलाही हाच सल्ला दिला होता, तोही असा ठणकावून की ऐकणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी.

असं का होतं ते सांगते. २०१५ पासून राज्य अ‍ॅडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेजांना विभागवार एकत्र बांधून निधी देतं. असे ७१ गट आहेत. तुमच्या भागात फूटहिल–डी अँझा ही कम्युनिटी कॉलेजं आणि फ्रीमाँट युनियन, माउंटन व्ह्यू–लॉस अल्टोसची अ‍ॅडल्ट स्कूलं एका गटात आहेत. या भागीदारीचा फायदा खरा आहे: कॉलेजात जाणाऱ्यांसाठी सल्लागार असतात, कॉलेज बघायला नेतात, अभ्यासक्रम एकमेकांना जुळवलेले असतात. पण तुमची फाइल आपोआप पलीकडे जाते असं समजू नका. तुमचे कॅसास परीक्षेचे (अ‍ॅडल्ट स्कूल पातळी ठरवायला घेतं ती) गुण, हजेरी, तिथला विद्यार्थी क्रमांक यातलं काहीही कॉलेजच्या प्रवेश खात्याला दिसेल असं धरून चालू नका. तिथे सीसीसीअप्लायवर (कम्युनिटी कॉलेजांच्या ऑनलाइन अर्जाच्या साइटवर) कोरा अर्ज. अ‍ॅडल्ट स्कूलने रहिवासाचे पुरावे कधी मागितलेले नसतात, त्यामुळे माणूस रिकाम्या हाताने पोचतो. अर्जात व्हिसा आणि राहण्याच्या तारखांची उत्तरं जरा इकडची तिकडे झाली की तुम्ही ‘नॉनरेसिडेंट’, म्हणजे बाहेरचे, जास्त फीवाले. आणि मग पुढच्या प्रत्येक सत्राला नॉनरेसिडेंटच, कारण तुम्ही स्वतः अर्ज करून बदलून घेतल्याशिवाय ते बदलत नाही. कॅलिफोर्नियात राहून वर्ष उलटलं म्हणून कुणी फोन करून कळवणार नाही!

फरक किती? रहिवाशाला सेमिस्टरच्या कॉलेजात युनिटला (अभ्यासक्रमाच्या श्रेयांकाला) ४६ डॉलर, डी अँझा–फूटहिलसारख्या क्वार्टरवाल्यांकडे (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्यांकडे) ३१. नॉनरेसिडेंटला याच्या कितीतरी पट.

तेव्हा काउंटरवर वाद घालू नका. कॉलेजच्या साइटवरून रेसिडेन्सी बदलण्याचा फॉर्म घ्या आणि सत्र सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्या. सत्राच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवशी तुम्हाला कॅलिफोर्नियात एक वर्ष पूर्ण झालेलं हवं, आणि इथेच राहण्याचा इरादाही वर्षभर आधीपासून कागदावर दिसायला हवा. नवऱ्याच्या नावाची वीजबिलं फारशी उपयोगाची नाहीत. स्वतःचं नाव असलेला भाडेकरार, कॅलिफोर्नियाचं लायसन्स किंवा आयडी, जॉइंट भरलेलं राज्याचं टॅक्स रिटर्न, बँकेचं खातं हे लावा. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप संपलेला असला की कारकून बिचकतात. स्टँप फक्त देशात शिरण्यापुरता असतो, स्टेटस आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि आय-७९७ (मंजुरीचं पत्र) वरून ठरतं. त्या दोन्हींच्या प्रती वरच ठेवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि अपिलाची मुदत बघा. तोंडी नकाराविरुद्ध अपील करणं फार अवघड. आणि अ‍ॅडल्ट स्कूलच्या सल्लागाराला मध्ये घाला. कॉलेजात नेमकं कुणाशी बोलायचं हे त्यांना ठाऊक असतं, आपल्याला वेबसाइटवर ते सापडत नाही.

वर्ष अजून भरलं नसेल तर घरी बसू नका. नॉनक्रेडिट वर्गांना (ज्यांचे डिग्रीसाठी युनिट मिळत नाहीत अशांना) फी नसते आणि तिथे रेसिडेन्सीचा प्रश्नच येत नाही. संगणक, बुककीपिंग, वरच्या पातळीचं इंग्रजी, जे मिळेल ते घ्या. काही वर्ग मिळून सर्टिफिकेटही मिळतं.

जीईडी? कशाला! बी.कॉम. झालेल्या माणसाने तो खर्च आणि वेळ घालवायचं कारण नाही. १८ वर्षांवरच्याला हायस्कूल डिप्लोमाशिवायही इथल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो. शाळा अर्धवट राहिलेल्यांनी जरूर द्यावी: चार विषय, प्रत्येकात पास व्हायला किमान १४५ गुण, एकेक करून दिले तरी चालतात, तयारी अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये होते. भारतातल्या डिग्रीचं इथलं मूल्यांकनही घाईने करू नका. ते महाग पडतं, आणि कॉलेजला कुठल्या संस्थेचं, विषयवार की नुसतं ढोबळ चालतं, हे आधी विचारलं नाही तर दोनदा करावं लागतं.

इंग्रजीसाठी कुणी अगदी खालच्या वर्गात बसवू लागलं तर थांबा. २०१७ च्या कायद्यानंतर, इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं ट्रान्सफर पातळीचं (चार वर्षांच्या विद्यापीठात धरलं जाणारं) इंग्रजी तीन वर्षांत पूर्ण होण्याची शक्यता जास्तीत जास्त राहील हे बघण्याची जबाबदारी कॉलेजवर आहे. ‘गायडेड सेल्फ-प्लेसमेंट’ (मार्गदर्शन घेऊन आपली पातळी आपणच ठरवण्याची सोय) आहे का विचारा.

जाता जाता: भेटीला आलेल्या सासूबाईंना ‘तेवढंच इंग्रजी होईल’ म्हणून या वर्गांना बसवू नका. बी-२ (पर्यटक व्हिसा) वर नियमित अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही. वाचनालयातला संभाषणाचा गट बरा. आणि तुम्ही स्वतः पगारी इंटर्नशिप असलेला कोर्स निवडत असाल, तर ईएडी (काम करण्याचा परवाना) हातात आहे का ते नाव नोंदवण्याआधी बघा, कारण वर्गातल्या शिक्षकाला तो प्रश्न सुचणार नाही.