पॉइंट टू टूच्या बॅरलमध्ये साफसफाईचा रॉड रोज घालायचा का?

प्रश्न : नमस्कार सर, माझी मुलगी आधी १० मीटर एअर रायफल मारायची, यंदा ५० मीटर प्रोनला (पालथं पडून, पॉइंट टू टू म्हणजे .२२ बोअरच्या रायफलने) आलीय. रेंजवर एक सीनियर म्हणतात रोज प्रॅक्टिस झाली की बॅरल ब्रशने घासून चकाचक करायची, दुसरे म्हणतात पॉइंट टू टू कधी साफच करू नये, ग्रुप (टार्गेटवर गोळ्यांचा पडणारा पुंजका) बिघडतो. ती पार गोंधळलीय, त्यात पावसाळा तोंडावर आलाय. कुणाचं ऐकायचं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी मुलीचं अभिनंदन. तुमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड प्रोनमध्येच घेतलं होतं, तेव्हा इव्हेंट चांगली निवडलीय.

दोन्ही सीनियरांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण बॅरल सगळीकडे सारखी घाण होत नाही, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाहीये. मॅचची गोळी साध्या शिशाची असते, वरून मेण किंवा ग्रीस लावलेलं, त्यामुळे बॅरलच्या बहुतेक लांबीत मेणाचा पातळ थर बसतो आणि तो काही त्रास देत नाही, उलट तो थर दर शॉटला सारखा राहिला तरच ग्रुप घट्ट येतो. खरी घाण धरते ती चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तिथे. पॉइंट टू टू रिमफायर असते, म्हणजे तिचा प्राइमर (ठिणगी देणारा मसाला) काडतुसाच्या कडेत भरलेला असतो, त्यात बऱ्याचदा काचेची बारीक पूडही असते, ते सगळं जळून तिथल्या पहिल्या इंचभरात काळं कडक कडं तयार होतं आणि एकदा ते पक्कं बसलं की नुसत्या पॅचने (कापडाच्या तुकड्याने) हलत नाही. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, त्यामुळे असं कडं झालं की आठ-नऊ कुठून आले तेच कळत नाही आणि पोरं उगाच स्वतःच्या पोझिशनला दोष देत बसतात.

म्हणून प्रॅक्टिसनंतर सॉल्व्हंटचा (घाण विरघळवणाऱ्या द्रवाचा) एक ओला पॅच आणि मग दोन-तीन कोरडे, एवढं पुरे. ब्रॉन्झचा ब्रश काही शे राऊंड झाल्यावर किंवा ग्रुप फाकायला लागला की. स्टीलचा ब्रश कधीच नको, आणि तांबं काढणारं अमोनियावालं सॉल्व्हंटही नको, साध्या शिशाच्या गोळीत तांबं असतंच कुठे?

घाणीपेक्षा जास्त बॅरली चुकीच्या रॉडने खराब होतात असं माझं स्पष्ट मत आहे. रॉड एकसंध हवा, कोटिंगवाला, मुठीत बेअरिंग असलेला म्हणजे तो रायफलिंगबरोबर फिरतो. तुकडे जोडून केलेला अॅल्युमिनियमचा रॉड घेऊच नका, त्याचे सांधे आतून घासतात. बोल्ट (चेंबर बंद करणारा मागचा सरकता भाग) काढायचा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी बघायचं, गोळ्या टेबलावरून लांब ठेवायच्या, मग बोल्टच्या जागी बोअर गाइड (रॉड सरळ आत नेणारी नळी) बसवायचा. मझल (बॅरलचं पुढचं तोंड) थोडी खाली झुकलेली ठेवा, नाहीतर सॉल्व्हंट मागे वाहत ट्रिगरमध्ये जातं. रॉड नेहमी मागून पुढे, आणि पॅच किंवा ब्रश मझलबाहेर आला की तिथेच काढून घ्यायचा, रॉड रिकामाच मागे आणायचा. मझलकडून रॉड घातला आणि क्राऊनची, म्हणजे मझलच्या तोंडाची, कड एका बाजूने जरी झिजली तरी गोळी बाहेर पडतानाच वाकडी सुटते, त्यावर मग कितीही सफाई केली तरी उपयोग नाही.

पावसाळ्यात शेवटचा पॅच हलक्या तेलाचा मारा आणि रायफल फोमच्या केसमध्ये दिवसचे दिवस बंद ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. पुढच्या वेळी फायर करण्याआधी ते तेल कोरड्या पॅचने पुसून काढायचं.

मॅचच्या आदल्या रात्री ब्रश नको. स्वच्छ केलेल्या बॅरलला परत सेट व्हायला दहा-पंधरा राऊंड लागू शकतात, काहींना जास्तही, तेव्हा ब्रशिंग त्याआधीच्या प्रॅक्टिसलाच उरकून घ्या. आणि वापरलेल्या पॅचवर शिसं असतं, मुलीला साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नका.