जास्वंदीवर मावा पडलाय, पानं चिकट आणि काळी झालीत. झाड मरेल का? कोणतं औषध मारू?

कोवळ्या शेंड्यांवर हिरवट-काळे बारीक किडे, पानांवर चिकट थर आणि फांदीवर मुंग्यांची रांग, असं तुम्ही लिहिलंय. हा मावाच दिसतो. चांगलं रुजलेलं मोठं झाड माव्याने सहसा मरत नाही. तेव्हा औषधाची घाई अजिबात करू नका.

आधी खात्री करून घ्या. भिंगातून पाहिलं तर माव्याच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या दिसतात. अंगावर पांढरा मेणचट थर असेल तर तो पिठ्या ढेकूण. शेंड्याजवळ सुटे पांढरे कण पडलेले असतील तर ती माव्याने टाकलेली कात आहे, दुसरी कीड नव्हे.

मावा पानाच्या शिरेत सोंड खुपसून रस पितो. या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं फार थोडी. ती पुरेशी मिळावीत म्हणून त्याला रस खूप प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो बाहेर टाकतो. तुमच्या पानांवरचा चिकटपणा तोच. त्यावर काळी बुरशी वाढते. ही काजळी पानाच्या आत शिरत नाही, पण ऊन अडवते, त्यामुळे पानाला अन्न कमी बनवता येतं. रस गेल्याने कोवळी पानं आकसतात, कळ्या गळतात. मुंग्या येतात त्या गोडासाठी, आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. माव्याला खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आले की त्यांना हुसकावून लावतात.

माव्याची वाढ मात्र थक्क करणारी आहे. मादीला नराची गरज पडत नाही, ती थेट पिल्लं देते, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढत असतात! उबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात ते पिल्लू स्वतः आई होतं. गर्दी झाली की पंखांचा मावा तयार होतो आणि शेजारच्या झाडावर जातो.

जहाल कीटकनाशक मारू नका म्हणतो ते म्हणूनच. त्याने माव्याबरोबर त्याला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा कीटक) आणि सिरफिड माशीच्या अळ्याही मरतात. त्यांची संख्या सावकाश वाढते, माव्याची झपाट्याने. थोडा जरी मावा उरला तरी त्याला खाणारं कुणी नसतं आणि तो पुन्हा जोमाने वाढतो. शिवाय जास्वंदीच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यांचाही विचार करा.

पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा. खाली पडलेला बहुतेक मावा परत वर चढू शकत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. फारच भरलेले शेंडे कापून टाका. एवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारा. आधी दोन-चार पानांवर मारून पाहा, पानं करपली नाहीत तरच सगळ्या झाडावर. कपड्यांची पावडर नको, तिने पानं भाजतात.

मुंग्यांचा बंदोबस्त यापेक्षाही महत्त्वाचा. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा आणि खोडाभोवती कागदाची पट्टी बांधून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. युरिया किंवा तसं नत्राचं खत घालत असाल तर थांबवा. त्याने लुसलुशीत फूट येते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो.

माव्यात काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची लांबट अळी फिरताना दिसली तर ती ढालकिड्याची पिल्लं. अनेकजण कीड समजून त्यांना चिरडतात, कृपा करून तसं करू नका. काही मावा फुगून तपकिरी, निश्चल झालेला दिसेल. त्याच्या आत परजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते, तीही आपल्याच बाजूची, म्हणून अशी पानं तोडू नका.

शेजारी मिरची, काकडी किंवा पपई असेल तर मात्र काळजी जास्त. तिथे रस पिण्यापेक्षा विषाणू पसरवण्याने नुकसान मोठं होतं. यातले काही विषाणू सोंड क्षणभर टोचली तरी पसरतात, नंतर मावा मारून उपयोग होत नाही. पानांवर पिवळी-हिरवी नक्षी आणि वेडीवाकडी वाढ दिसली तर त्यावर औषध नाही. ते रोप उपटून टाका, म्हणजे बाकीची वाचतील.