‘ब्रास: बर्मिंगहॅम’ या बोर्डगेमचा पहिला डाव

कर्जाला बिचकू नका, हे सगळ्यात आधी. सुरुवातीचे १७ पौंड बघता बघता संपतात. ३० पौंडांचं कर्ज लवकरच घ्या. उत्पन्न तीन पायऱ्या घसरतं, पण तेव्हा ते भरून काढायला अख्खा डाव हातात असतो.

नवखे हमखास इथे चुकतात:

- कापड विकायला बिअर लागते; तिची सोय नसताना कापडगिरणी बांधून बसतात. व्यापाऱ्याकडचं बिअरचं पिंप एका युगात एकदाच मिळतं, म्हणून स्वतःची ब्रुअरी (बिअरचा कारखाना) हवीच.
- पहिल्या पातळीचे कारखाने उभारत सुटतात. डावाचा पहिला भाग, म्हणजे कालव्यांचं युग, संपला की ते पटावरून उचलले जातात. दुसऱ्या पातळीची उलटलेली (म्हणजे माल विकून झालेली) गिरणी मात्र टिकते आणि दुसऱ्या भागाच्या, म्हणजे रेल्वेयुगाच्या, शेवटी पुन्हा गुण देते! तेव्हा लोखंड खर्चून खालच्या पातळीच्या कारखान्यांच्या चकत्या आपल्या फलकावरून काढून टाका.

कुंभारकाम हा उद्योग सध्या राहू द्या. बिनधास्त खेळा.