जांभ्याच्या अंगणात हरवलेलं मंगळसूत्र आणि पडवीतलं फुरसं

प्रश्न : आमचं घर राजापूर तालुक्यात, अंगण आणि परसू दोन्ही जांभ्याचं. पाचोळा गोळा करताना मंगळसूत्र तुटून पडलं. एक वाटी हाती लागली. दुसरी वाटी आणि साखळीचा मोठा तुकडा मिळत नाही. मेटल डिटेक्टर भाड्याने आणला, पण तो सगळीकडेच वाजतो. यंत्र बिघडलंय का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, यंत्र ठीक असावं. जांभा म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडनी भरलेला दगड, आणि डिटेक्टरला तोही धातूसारखाच जाणवतो. आधी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. मग धातू नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची गोल तबकडी) जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ते फूटभर अशी खाली-वर हलवत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्राला जमिनीचा स्वतःचा आवाज गाळायला लावा. वरखाली करताना आवाज बदलेनासा झाला की बॅलन्स जमला. अंगणातून परसात गेलात की तो पुन्हा करावा लागतो, कारण माती बदलते. भाड्याने देणाऱ्याकडे लहान, सहा इंची कॉइल असेल तर तीच घ्या. ती एका वेळी कमी जमीन पाहते, म्हणून जांभ्याचा गोंगाट कमी होतो. खिशातला मोबाइल घरात ठेवा, पंप आणि इन्व्हर्टर बंद करा.

आता साखळीबद्दल. बारीक सोन्याची साखळी डिटेक्टरला फार कमी दिसते. प्रत्येक कडी सुटी असल्याने विद्युतप्रवाह पूर्ण साखळीभर फिरत नाही. यंत्राला फक्त एकेक चिमुकली कडी जाणवते. काळे मणी काचेचे, ते वाजणारच नाहीत. म्हणून शोध वाटीचा करा. साखळी बहुधा तिच्या आसपासच असेल. मिळालेल्या वाटीला लाल दोरा बांधून ती पाच सेंटिमीटर खोल पुरा आणि तिच्यावरून कॉइल फिरवा. तो आवाज आणि पडद्यावरचा आकडा ध्यानात ठेवा. लहान सोनं बाटलीच्या बुचाच्या, चांदीच्या कागदाच्या आकड्याजवळ वाजतं. कचरा टाळायचा म्हणून यंत्रात ते आकडे बंद केलेत, तर वाटीही गाळली जाईल. कचरा उकरावाच लागेल.

सुतळी लावून मीटरभर रुंदीचे पट्टे आखा. कॉइल जमिनीला समांतर आणि जवळ ठेवा, झोक्यासारखी टोकाला उचलू नका. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवा. एकदा उभे, मग आडवे असे पट्टे चाला. खरा धातू दोन्ही बाजूंनी येताना त्याच जागी वाजतो. जांभ्याचा आवाज बहुतेकदा दिशा बदलली किंवा कॉइल वीतभर उचलली की विरतो. जागा पक्की झाली की पहार नको. खुरप्याने चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर सोडून ढेप उचला, माती चाळणीतून काढा आणि खड्ड्यावरून पुन्हा कॉइल फिरवा. साखळी हाताला लागेल ती चाळणीतच.

प्रश्न : शोधासाठी परसातली दगडांची रास हलवली. संध्याकाळी पडवीत पायपुसण्याशेजारी फूटभर लांबीचा तपकिरी साप दिसला, वेटोळी घासून खरखर आवाज करत होता. पुन्हा दिसला तर काय करावं?

उत्तर : हे वर्णन फुरशाचं आहे. डोक्यावर बाणासारखी फिकट खूण आणि अंगावर नागमोडी रेघ असेल तर शंका उरत नाही. दिवसा ते दगडांखाली दडून राहतं, त्यामुळे रास हलवल्यावर ते बाहेर पडलं असावं. छोटं दिसतं म्हणून काठीने ढकलू नका, ते फार चपळ असतं. दोन मीटर लांब उभं राहून दिवा लावा, आतलं दार बंद करून खालची फट गोणपाटाने बुजवा. एकाने लांबून नजर ठेवावी, दुसऱ्याने 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर किंवा गावच्या सर्पमित्राला फोन करावा.

चावलंच तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढा, अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, 108 ला बोलवा. आवळपट्टी, चीर, चोखणं नकोच. फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं. सुरुवातीला फक्त सूज दिसते आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त कित्येक तासांनी येऊ शकतं. म्हणून बरं वाटलं तरी रुग्णालयातून घरी येऊ नका. तिथे काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर प्रतिविष देतात, आणि चाचणी पुन्हा करतात. भारतातलं बहुविध प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं.

उरलेली रास हलवताना गमबूट घाला. दगडाची पलीकडची कड लांब दांड्याच्या कुदळीने उचलून दगड स्वतःकडे उलटवा, म्हणजे तो तुमच्या आणि सापाच्या मध्ये राहतो. हे काम उजेडातच करा.

प्रश्न : उकरताना तांब्याचं जुनं नाणं मिळालं, ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरं पुसट दिसतात. चिंचेने उजळावं का?

उत्तर : मुळीच नाही. ही शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं असावं. चिंच-लिंबाने हिरवट थराबरोबर अक्षरंही जातील. कोरड्या कागदात ठेवा, सापडल्याची जागा, खोली आणि तारीख लिहा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा जमिनीतला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. अर्ज कसा द्यायचा ते तहसील कार्यालयात विचारा. स्वतःच्या परसात ठीक, पण किल्ल्यावर किंवा संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय उकरणं गुन्हा आहे. हौस म्हणूनही तिथे डिटेक्टर नेऊ नका.