किल्ली निघत नसेल तर आधी का ते बघा

प्रश्न : सर नमस्कार, मी चाकण एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे २२ केव्हीचं व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) पॅनल आहे, मागचं केबलचं दार अर्थ स्विच (केबल जमिनीशी जोडणारा स्विच) लावल्याशिवाय उघडत नाही आणि कधी कधी अर्थ स्विचचं हॅण्डलच आत जात नाही. मग सुपरवायझर म्हणतात स्क्रूड्रायव्हरने इंटरलॉकची (चुकीच्या वेळी हॅण्डल अडवणारी) पट्टी दाबून धर, शटडाऊनचा वेळ जातोय. एलटीला (४१५ व्होल्टच्या बाजूला) ट्रान्सफॉर्मरचा इनकमर (वीज आत घेणारा ब्रेकर) आणि डीजीचा (डिझेल जनरेटरचा) इनकमर अशा दोघांत एकच किल्ली आहे, तिचीही डुप्लिकेट ड्रॉवरमध्ये आहे. हे चालतं का?

उत्तर : नाही चालत. पुढच्या वेळी पट्टी दाबायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, मी मुद्दाम स्पष्ट लिहितोय.

हॅण्डल आत जात नाही याचं बहुतेक वेळा साधं कारण असतं, ट्रक (आतबाहेर सरकणारा ब्रेकर) टेस्ट पोझिशनला, म्हणजे मुख्य काँटॅक्टपासून सुटलेल्या जागी, पूर्ण आलेला नसतो, रॅकिंगचे (तो सरकवायचे) एकदोन फेरे राहिलेले असतात. ते पूर्ण करा, हॅण्डल जाईल. पण काही पॅनलमध्ये केबलवर व्होल्टेज असेल तर अर्थ स्विच अडवणारी कॉइलसुद्धा असते, आणि तिथे तुम्ही पट्टी दाबून हॅण्डल फिरवलं तर चालू २२ केव्ही थेट अर्थला जोडली, म्हणजे तिन्ही फेजचा डेड शॉर्ट, आणि तुम्ही पॅनलसमोर उभे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आहे की आयसोलेटर उघडा असल्याशिवाय त्याचा अर्थ स्विच लागता कामा नये.

आता याची दुसरी बाजू, जी लोक विसरतात. साध्या मेकॅनिकल इंटरलॉकला फक्त आपल्याच पॅनलचं कळतं. इनकमरचा ट्रक बाहेर आहे एवढं त्याला दिसतं, पण ती केबल पलीकडे महावितरणच्या बाजूने चालू आहे का हे त्याला कुठून कळणार? म्हणून इनकमरच्या केबलला हात लावायचा तर महावितरणकडून लेखी परमिट घ्या, पलीकडून बंद करून अर्थ केल्याची खात्री करा, मग एचटी (उच्च दाबाचा) डिटेक्टर आधी चालू ठिकाणी तपासा, मग केबलवर लावा, मग परत चालू ठिकाणी तपासा, आणि त्यानंतरच अर्थ स्विच. पॅनलवरचे इंडिकेटर विझलेत एवढ्यावर जाऊ नका, ते बिघडलेलेही असू शकतात.

ड्रॉवरमधली डुप्लिकेट किल्ली मला पट्टीपेक्षा जास्त घाबरवते. एका इनकमरची किल्ली तो बंद झाल्याशिवाय निघत नाही, म्हणून दुसरा लागत नाही, सगळी सुरक्षा एवढ्यावरच उभी आहे. दोन किल्ल्या झाल्या की लाइट गेलेली असताना डीजी आणि ट्रान्सफॉर्मरचा इनकमर दोन्ही एकदम लागू शकतात. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो हो, एलटीला ४१५ व्होल्ट दिले की एचटीला २२ हजार तयार होतात, आणि एचटीचा ब्रेकर लागलेला असेल तर ते बाहेर लाइनवर जातात. तिथे लाइन बंद आहे असं समजून कुणी लाइनमन खांबावर चढलेला असेल. ती किल्ली आजच मॅनेजरच्या कुलपात सही करून जमा करा, नाहीतर मोडून टाका.

प्रश्न : ट्रक पूर्ण बाहेर काढला की पॅनलच्या आत हात घालायला हरकत नाही ना? (वाळूज)

उत्तर : हरकत आहे. ट्रक बाहेर आला की काँटॅक्ट झाकणारे शटर पडतात, पण शटरमागे बसबारच्या (सगळ्या पॅनलना वीज देणाऱ्या मुख्य पट्ट्यांच्या) बाजूचे काँटॅक्ट चालूच असतात, काही मेकमध्ये ते वर असतात, काहींत खाली, ड्रॉइंग बघूनच ठरवा. साफसफाईला म्हणून शटर काठीने वर ढकलायचे प्रकार होतात, ते अजिबात करू नका. बसबारकडच्या शटरला कुलूप लावायची सोय असते, ते लावा आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहू द्या.